६४ बाइटची अनुक्रमणिका

डिस्क साफ करण्याचे काम यशस्वी झाले, असे डिस्कपार्ट नावाच्या विंडोजमधील साधनाने मला एका ओळीत कळवले, तेव्हा रात्रीचे पावणेअकरा वाजले होते आणि मी समाधानाने मान डोलावली होती. चूक झाली आहे हे मला पुढची दोन मिनिटे माहीतच नव्हते. त्या दोन मिनिटांत मी आणखी तीन आज्ञा दिल्या, आणि पुढचे अकरा दिवस जे निस्तरावे लागले त्यातील निम्म्याहून अधिक त्रास मूळ चुकीने नव्हे, तर त्या तीन आज्ञांनी दिला.

माझा नारायण पेठेत अक्षरजुळणीचा, म्हणजे आजच्या भाषेत डीटीपीचा, व्यवसाय आहे. वडील खिळ्यांच्या काळातले जुळारी होते. मी पेजमेकरवर हात बसवला आणि आता बहुतेक काम इनडिझाइनमध्ये करतो. गणपती विसर्जनानंतर पेठेतले ढोल-ताशे शांत होतात आणि आमच्याकडे दिवाळी अंकांची खरी धांदल सुरू होते, कारण लेखकांचे राहिलेले लेख, शेवटच्या क्षणी बदललेल्या जाहिराती आणि मुद्रितशोधकांच्या लाल शाईने रंगलेल्या प्रती हे सारे त्याच पंधरवड्यात येऊन पडते. गेल्या वर्षी माझ्याकडे तीन अंक होते. त्यातला सर्वांत मोठा २२४ पानांचा, म्हणजे सोळा पानी हिशेबाने १४ फर्म्यांचा होता, आणि त्याचे १० फर्मे लावून झाले होते.

या अंकाच्या संपादकबाईंनी त्या दिवशी दुपारी प्रुफे परत देताना सहज विचारले, "कामाचा बॅकअप ठेवताय ना तुम्ही?" मी म्हणालो, "हो, ठेवतो की." वास्तविक ज्या पोर्टेबल डिस्कला मी मनातल्या मनात बॅकअप म्हणत होतो, ती दोन वर्षांपूर्वी टेबलावरून पडून निकामी झाली होती. बाई गेल्यावर मला माझीच लाज वाटली आणि आजच्या आज बॅकअप घ्यायचाच असे मी ठरवले. नवी डिस्क आणायला हवी होती, पण पितृपक्ष चालू होता. "आता सर्वपित्री झाल्यावरच आणा," असे घरातून सांगण्यात आले, आणि खरे सांगायचे तर खर्च पुढे ढकलला जातो आहे म्हणून मीही फार वाद घातला नाही. आमच्या इमारतीच्या सीसीटीव्हीचा रेकॉर्डर बदलला तेव्हा जुन्या रेकॉर्डरमधली १ टीबीची डिस्क माझ्याकडे आली होती आणि ती कपाटात तशीच पडून होती. माझी कामाची डिस्कही १ टीबीचीच. हा योगायोग मला तेव्हा सोयीचा वाटला.

रात्री मी संगणकाचा डबा उघडून ती डिस्क मदरबोर्डवरच्या मोकळ्या साटा पोर्टला जोडली. रेकॉर्डरने तिच्यावर केलेली मांडणी विंडोजला वाचता येत नव्हती, म्हणून ती आधी पूर्ण साफ करावी आणि मग तिच्यावर नवे पार्टिशन, म्हणजे विंडोजला ड्राइव्ह म्हणून वापरता येईल असा भाग, करावे, असे मी योजले. डिस्कपार्टमध्ये 'लिस्ट डिस्क' ही आज्ञा दिल्यावर तीन ओळी आल्या. डिस्क ० ही २३८ जीबीची, म्हणजे विंडोज असलेली एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिपमध्ये माहिती साठवणारी डिस्क). डिस्क १ ही ९३१ जीबीची आणि डिस्क २ सुद्धा ९३१ जीबीची. (डिस्क विकणाऱ्यांच्या लेखी १ टीबी म्हणजे एकावर बारा शून्ये इतके बाइट, विंडोज १०२४ च्या पटीत मोजते, म्हणून तीच डिस्क तिथे ९३१ जीबीची दिसते.) माझी कामाची डिस्क गेली कित्येक वर्षे 'डिस्क १' होती. त्यामुळे नवी आलेली ती 'डिस्क २', हे मला इतके उघड वाटले की पडताळून पाहण्याचे मनातही आले नाही. हे क्रमांक डिस्कच्या अंगावर कोरलेले नसतात, ते संगणक सुरू होताना त्या त्या वेळी दिले जातात. मी जो मोकळा पोर्ट वापरला तो कामाच्या डिस्कच्या पोर्टच्या अलीकडचा होता, म्हणून सीसीटीव्हीची डिस्क 'डिस्क १' झाली आणि माझी डिस्क एक घर पुढे सरकली. 'डिटेल डिस्क' अशी एक आज्ञा दिली असती, तर निवडलेल्या डिस्कचे मॉडेल आणि तिच्यावरच्या दोन भागांची डी व ई ही अक्षरे पडद्यावर आली असती. तेवढे दोन शब्द टंकायचे मी वाचवले.

मग 'सिलेक्ट डिस्क २' आणि 'क्लीन'. त्यानंतर पार्टिशन तयार करण्याची, त्याला एनटीएफएसमध्ये, म्हणजे विंडोजच्या फायली मांडण्याच्या पद्धतीत, क्विक फॉरमॅट करण्याची आणि त्याला अक्षर देण्याची, अशा आणखी तीन आज्ञा. नव्या ड्राइव्हला मी 'बॅकअप' असे नावही देऊन टाकले. सगळे मिनिटाच्या आत आटोपले. मग डी ड्राइव्हवरचे दिवाळी अंकाचे फोल्डर त्यात उतरवून घ्यावे म्हणून मी डी शोधू लागलो, तर तो नव्हता. ई सुद्धा नव्हता. 'बॅकअप' मात्र होता, जवळजवळ ९३१ जीबी मोकळी जागा घेऊन.

हाताला घाम येणे हा वाक्प्रचार नसून शारीरिक घटना आहे, हे मला त्या रात्री माउस धरल्यावर कळले.

नेमके काय झाले होते हे मला नंतर समजले, पण वाचकांच्या सोयीसाठी ते इथेच सांगतो. माझी डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीची होती. ही पद्धत १९८३ मध्ये डॉस २.० बरोबर आली. तीत डिस्कचा अगदी पहिला, ५१२ बाइटचा सेक्टर, म्हणजे कप्पा, राखून ठेवलेला असतो. त्यातले ४४६ बाइट संगणक सुरू करण्याच्या सूचनांसाठी, शेवटचे २ बाइट ओळखखुणेसाठी आणि मधले ६४ बाइट पार्टिशनच्या नोंदींसाठी असतात; प्रत्येकी १६ बाइटच्या चार नोंदी. कोणते पार्टिशन कोणत्या सेक्टरपासून सुरू होते, त्यात किती सेक्टर आहेत आणि ते कोणत्या प्रकारचे आहे, एवढेच त्या नोंदीत असते. माझ्या डिस्कवर १,९५,३५,२५,१६८ सेक्टर आहेत, आणि त्यांतून डी कुठे संपतो आणि ई कुठे सुरू होतो हे विंडोजला सांगणारी एकमेव जागा म्हणजे ते ६४ बाइट. 'क्लीन'ने ते पुसले. पुस्तकाचे अनुक्रमणिकेचे पान फाडावे तसे ते झाले. आतली पाने जागच्या जागी होती. मी तिथेच थांबलो असतो, तर ही हकीकत इथेच संपली असती. (नव्या जीपीटी पद्धतीत या नोंदींची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी असते, पण 'क्लीन' तीही पुसते, तेव्हा त्या बाबतीत हळहळण्याचे कारण नाही.)

क्विक फॉरमॅटने मात्र अनुक्रमणिकेवर न थांबता आतल्या पानांवर शाई सांडली. विंडोज व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅट केल्यास सगळ्या जागेवर शून्ये लिहिली जातात. क्विक फॉरमॅट तसे करत नाही, ते फक्त नव्या मांडणीपुरते लिहिते. त्या 'फक्त'मध्ये काय काय येते ते पुढे सांगतो.

मी पहिल्यांदा जे केले ते सांगायला संकोच वाटतो. मी इंटरनेटवरून फायली परत मिळवून देणारे एक सॉफ्टवेअर उतरवले आणि ते कुठे बसवायचे असे त्याने विचारल्यावर, भरपूर मोकळी जागा दिसते म्हणून, 'बॅकअप' ड्राइव्ह निवडला. म्हणजे ज्या जागेखाली माझ्या फायली गाडल्या गेल्या होत्या, त्याच जागेवर मी नवे बांधकाम करायला निघालो होतो. 'नेक्स्ट'वर बाण नेऊन ठेवला असताना मला माझ्या भाच्याची आठवण झाली. तो हिंजवडीला नोकरी करतो आणि रात्री अकराला जागा असतो.

त्याने माझे सगळे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला, "हार्ड डिस्कच आहे ना, मामा? एसएसडी नाही ना?" हार्ड डिस्कच असल्याचे मी सांगितले. तेव्हा तो म्हणाला, "मग वाचलास. आता तिच्यावर एक अक्षरही लिहू नकोस. कॉम्प्युटर बंद कर आणि झोप. मी सकाळी येतो." त्या प्रश्नाचे महत्त्व मला त्याने दुसऱ्या दिवशी समजावले. एसएसडीला विंडोज 'ही जागा आता लागत नाही' असा निरोप देते, त्याला ट्रिम म्हणतात, आणि मग एसएसडी ती जागा आतल्या आत खरोखरच रिकामी करून टाकते. क्विक फॉरमॅटच्या वेळीही हा निरोप जातो. तिथे शोधण्यासारखे बहुधा काही उरतच नाही. माझ्या जुन्या हार्ड डिस्कला असला चटपटीतपणा ठाऊक नव्हता. झोप मात्र मला लागली नाही.

सकाळी भाचा आला तो हातात एक पेन ड्राइव्ह घेऊन, ज्यावरून विंडोजला हात न लावता लिनक्स सुरू करता येत होते. त्याची पहिली अट अशी होती की मूळ डिस्कवर कोणताही प्रयोग करायचा नाही. तिची सेक्टरनसेक्टर नक्कल काढायची आणि जे करायचे ते नकलेवर. त्यासाठी तेवढीच किंवा तिच्याहून मोठी डिस्क हवी. सकाळी दुकाने उघडताच आम्ही तापकीर गल्लीत जाऊन २ टीबीची कोरी डिस्क घेऊन आलो. पितृपक्षाचा मुद्दा घरात कोणी काढला नाही.

नक्कल काढण्यासाठी आम्ही जीएनयू डीडीरेस्क्यू वापरले. हे साधन वाचता येणारा भाग आधी उचलते, अडलेले सेक्टर मागे ठेवून शेवटी त्यांच्याकडे वळते, आणि कुठवर आलो याची नोंद एका वेगळ्या फाइलमध्ये करत राहते, त्यामुळे मध्येच वीज गेली तरी पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. त्या आज्ञेत आधी मूळ डिस्क आणि मग नकलेची जागा लिहायची असते. तो क्रम उलटा झाला, तर कोऱ्या डिस्कची शून्ये मूळ डिस्कवर उतरतील. आदल्या रात्रीच्या पराक्रमानंतर माझा माझ्यावर विश्वास उरला नव्हता, म्हणून भाच्याने मोबाइलचा टॉर्च लावून डब्यातल्या डिस्कच्या चिकटपट्टीवरचा अनुक्रमांक मोठ्याने वाचला, मी पडद्यावरचा वाचला, आणि शेवटची चार अक्षरे दोनदा जुळल्यावरच त्याने एंटर दाबले. आमच्या धंद्यात मूळ प्रत एकाने वाचायची आणि दुसऱ्याने प्रूफ पाहायचे, ही रीत आहे. संगणकाच्या बाबतीत ती मला कधी सुचली नव्हती. नक्कल व्हायला तीन तासांना थोडा कमी वेळ लागला आणि एकही सेक्टर अडला नाही.

मधल्या वेळात मी फायली मिळवून देणाऱ्या एका प्रयोगशाळेला फोन केला. त्यांनी पाच आकडी रक्कम आणि दहा दिवसांची मुदत सांगितली. डिस्क टकटक आवाज करत असती, किंवा फिरतच नसती, तर मी मुकाट्याने ती त्यांच्या स्वाधीन केली असती, कारण तो बिघाड यंत्राचा असतो आणि घरी उघडून बघण्याचा नसतो. इथे यंत्र ठणठणीत होते, बिघडला होता तो चालवणारा. शिवाय दहा दिवसांत माझे दोन अंक छपाईला जायचे होते.

नकलेवर आम्ही टेस्टडिस्क चालवले. फ्रान्समधील ख्रिस्तोफ ग्रनिए यांनी लिहिलेले हे सॉफ्टवेअर मुक्त आणि विनामूल्य आहे. दिसायला अगदी रूक्ष, काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे आणि माउसचा उपयोग शून्य. हरवलेली पार्टिशने ते कशी शोधते, तर प्रत्येक एनटीएफएस पार्टिशनच्या पहिल्या सेक्टरमध्ये त्या पार्टिशनची कुंडली असते आणि त्याच सेक्टरची एक प्रत पार्टिशनच्या अगदी शेवटी ठेवलेली असते. अनुक्रमणिका फाटली तरी प्रत्येक प्रकरणाच्या पहिल्या आणि शेवटच्या पानावर त्याची ओळख छापलेली असावी, तसे हे आहे. 'क्विक सर्च'ला फक्त माझे नवे 'बॅकअप' सापडले, कारण त्याने सगळी डिस्कच व्यापली होती. मग 'डीपर सर्च' लावला आणि ते दुपारभर सेक्टर चाळत बसले. मी खुर्चीवर बसून टक्केवारीचे आकडे पाहत होतो. ५० च्या पुढे गेल्यावर मी चहा घ्यायला उठलो आणि परत आलो तेव्हा यादीत दोन नव्या ओळी आल्या होत्या. एक साधारण ४०० जीबीची, दुसरी उरलेल्या जागेची. डी आणि ई.

ई वर जाऊन 'पी' ही कळ दाबल्यावर फायलींची यादी उघडली आणि मी मोठ्याने ओरडलो, कारण फॉण्ट, छपाईला गेलेल्या पीडीएफ, मुलीच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाचे फोटो, सगळे आपापल्या फोल्डरमध्ये आपापल्या नावाने नांदत होते. ई ची सुरुवात डिस्कच्या मध्यात असल्याने क्विक फॉरमॅटची झळ तिथवर पोहोचलीच नव्हती. तो सगळा भाग आम्ही रात्रीपर्यंत बाहेर काढला.

मग डी. तिथे 'पी' दाबले आणि यादी रिकामी आली.

इथे त्या 'फक्त'चा हिशेब द्यायला हवा. एनटीएफएस आपल्या सगळ्या फायलींची नोंदवही एकाच ठिकाणी ठेवते, तिला एमएफटी म्हणतात. आमच्याकडे कामांची नोंदवही असते तशीच ती आहे: कामाचे नाव, केव्हा आले, कोणत्या गठ्ठ्यातले, कोणत्या कपाटात ठेवले. एका फाइलची एक नोंद साधारण १ केबीची असते, तिच्या सुरुवातीला 'फाइल' या इंग्रजी शब्दाची चार अक्षरे असतात, आणि तिच्यात फाइलचे नाव, ती ज्या फोल्डरमध्ये आहे त्या फोल्डरचा क्रमांक आणि तिचा मजकूर डिस्कवर कुठे कुठे आहे त्याचा पत्ता असतो. विंडोज ही नोंदवही मोठ्या पार्टिशनमध्ये सहसा सुरुवातीपासून ३ जीबीवर मांडते. माझा जुना डी आणि माझे नवे 'बॅकअप' ही दोन्ही पार्टिशने डिस्कच्या एकाच जागी, पहिल्या १ एमबीनंतर, सुरू होत होती. त्यामुळे नव्या रिकाम्या नोंदवहीची पहिली पाने जुन्या भरलेल्या नोंदवहीच्या पहिल्या पानांवर नेमकी जाऊन बसली. टेस्टडिस्कला डी सापडला, पण त्याची वही उघडल्यावर पहिले पान नव्या वहीचे निघाले, आणि ते कोरे होते.

भाच्याने मला धीर दिला तो असा, की वहीची पहिली पाने गेली असली तरी पुढची हजारो पाने शाबूत असणार, फक्त ती वाचायला पहिल्या पानापासून सुरुवात न करणारा वाचक हवा. त्यासाठी आम्ही डीएमडीई हे दुसरे सॉफ्टवेअर वापरले. त्याची विनामूल्य आवृत्ती एका खेपेला ठरावीक संख्येपर्यंतच फायली काढू देते, पण काम होते. ते सगळी डिस्क चाळून एमएफटीच्या सुट्या नोंदी गोळा करते आणि त्यांतून फोल्डरांचे जमेल तेवढे झाड उभे करते. रात्री लावलेले चाळण सकाळी संपले.

आणि मग जे दिसले त्यात मला एक विचित्र न्याय जाणवला. नोंदवहीच्या पहिल्या पानांवर सर्वांत जुन्या नोंदी होत्या, म्हणजे डिस्क घेतल्यानंतर मी पहिल्या काही दिवसांत तिच्यावर भरलेली जुनी कामे आणि तेव्हा केलेली वरच्या पातळीवरची फोल्डरे. त्याच नोंदी गेल्या होत्या. चालू दिवाळी अंकाच्या नोंदी पार पुढे होत्या आणि त्या जशाच्या तशा मिळाल्या. १० च्या १० फर्मे मिळाले. 'फायनल', 'फायनल २' आणि 'खरेच फायनल' ही माझी लाजिरवाणी नावेही मिळाली. फक्त ती ज्या फोल्डरमध्ये होती त्या फोल्डरचे नाव गेले होते आणि त्या जागी नुसता एक आकडा होता. मी प्रत्येक फर्म्याची फाइल उघडून शेवटच्या पानापर्यंत पाहिली, कारण नाव दिसणे आणि फाइल धड असणे या दोन वेगळ्या गोष्टी असतात, आणि दोन फायलींत चित्रांचे दुवे तुटले असल्याचे त्यामुळेच कळले.

संपादकबाईंचा फोन त्याच सकाळी आला. सातव्या फर्म्यातली एक कथा पुढे ढकलायची होती. मी म्हणालो, "हो, करतो." मागे भाचा हसत होता.

उरली ती नोंद हरवलेली जुनी कामे. त्यांच्यासाठी टेस्टडिस्कचे भावंड असलेले फोटोरेक होते. नाव फोटोंचे असले तरी ते ४८० हून अधिक प्रकारच्या फायली ओळखते, आणि ओळखण्याची त्याची रीत नोंदवहीशी काहीही संबंध न ठेवणारी आहे. ते थेट मजकूर पाहते. प्रत्येक प्रकारच्या फाइलची सुरुवात ठरलेली असते. पीडीएफ फाइल टक्क्याचे चिन्ह आणि पीडीएफ या अक्षरांनी सुरू होते. वर्डच्या जुन्या फायलींचे पहिले चार बाइट सोळाच्या पद्धतीत लिहिले की 'डी शून्य सी एफ एक एक ई शून्य' असे होतात आणि ते रोमन लिपीत पाहिले तर 'डॉकफाइल' असे वाचता येते; ज्याने हे केले त्याला आमच्या धंद्यात चांगला पगार मिळाला असता. अशी सुरुवात दिसली की फोटोरेक तिथून पुढचा मजकूर एका फाइलमध्ये उतरवते. मजकूर डिस्कवर सलग असेल तर फाइल धड येते. तुकड्यातुकड्यांत असेल तर एका जुन्या मुखपृष्ठाच्या फोटोसारखे होते: वरच्या अर्ध्या भागात पैठणीचा पदर आणि खाली नुसता करडा रंग.

फाइलचे नाव मात्र फोटोरेकला कळू शकत नाही, कारण नाव मजकुरात नसते, ते नोंदवहीत असते. मला ४१,००० च्या वर फायली मिळाल्या आणि त्यांतल्या बहुतेकींची नावे म्हणजे एक अक्षर आणि सात-आठ आकडे. त्यात आधीच परत मिळालेल्या फायली होत्या, मी वर्षांपूर्वी जाणूनबुजून पुसलेल्या होत्या, आणि संकेतस्थळांवरची नखाएवढी चित्रेही होती. भाच्याने एक छोटा प्रोग्रॅम लिहून मिळालेल्यांशी जुळणाऱ्या फायली वगळल्या, चित्रांचा कचरा मी काढला, आणि माझ्यासमोर सुमारे ६०० बेनामी फायली उरल्या. फर्मे छापून झाले आहेत, पण पृष्ठांकच छापायचा राहिला, अशा पुस्तकाची बांधणी करायला बसावे, तसे मला झाले.

त्या उघडून पाहण्याऐवजी त्यांच्यात शब्द शोधावेत, असे भाच्याने सुचवले. 'मनोगत' हा शब्द जवळजवळ प्रत्येक पुस्तकात आणि अंकात असतो, म्हणून त्याने तो शोधायला लावला. एकही फाइल मिळाली नाही. त्याला आश्चर्य वाटले, मला नाही. त्या सगळ्या फायली युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या, आधीच्या सवयीच्या आहेत. देवनागरी अक्षरे संगणकात साठवण्यासाठी इस्की हे प्रमाण १९९१ मध्ये ठरले आणि युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षी आली, पण छपाईच्या कामात आम्ही पुढे कितीतरी वर्षे श्रीलिपीसारखे फॉण्ट वापरत राहिलो, आणि त्यांत देवनागरी अक्षर साठवलेलेच नसते, अक्षराचे तुकडे साठवलेले असतात. 'ग' म्हणजे गचा अर्धा भाग आणि पुढे काना. दोन्हींना रोमन चिन्हांच्या जागा दिलेल्या. फॉण्ट काढून घेतला की 'मनोगत'च्या जागी टिंबे आणि टोप्या घातलेल्या परदेशी अक्षरांची रांग दिसते. संगणकाच्या दृष्टीने ती मराठी नाहीच.

मग मी माझी युक्ती केली. जुन्या फॉण्टमध्ये 'मनोगत' टंकले, त्याचा फॉण्ट बदलून ती अगम्य रांग उघडी केली, आणि तीच उचलून शोधात घातली. शब्द निवडतानाही विचार करावा लागतो. या फॉण्टमध्ये वेलांट्या वेगवेगळ्या रुंदीच्या असतात, रफार आणि अनुस्वार मिळून एक निराळे चिन्ह असते, आणि एकच शब्द दोन जुळाऱ्यांनी दोन तऱ्हांनी लिहिलेला असू शकतो; म्हणून वेलांटी आणि रफार नसलेला शब्द घ्यायचा. 'मनोगत'ने ३८ फायली दिल्या. 'कथा', 'लग्न' आणि 'पत्ता' यांनी आणखी बऱ्याच. पीडीएफ फायलींना ही कसरत लागली नाही, त्या उघडल्या की पहिल्याच पानावर आपले नाव सांगत होत्या. भाचा माझ्या मागे उभा राहून हे पाहत होता, आणि दोन दिवसांत पहिल्यांदाच त्याने मला काही विचारले.

मोठा अंक वेळेवर छपाईला गेला, उरलेले दोन तीन-चार दिवस उशिरा गेले. मूळ डिस्क मी कागदात गुंडाळून, वर तारीख घालून कपाटात ठेवली आहे. सगळ्या फायली पाहून होईपर्यंत ती पुसायची नाही, असे ठरवले आहे. सीसीटीव्हीची डिस्क, जिच्यापायी हे झाले, ती आता खरोखरच बॅकअपचे काम करते. तिच्यावर आणि दुसऱ्या डिस्कवर मी मोठ्या अक्षरांत चिकटपट्ट्या लावल्या आहेत, आणि विंडोजमध्येही दोघींना नावे दिली आहेत, म्हणजे पुन्हा कोणाला क्रमांकावर विसंबायला नको.

बेनामी फायलींपैकी दीडशेच्या आसपास अजून शिल्लक आहेत. रविवारी दुपारी मी त्यांतल्या दहा-बारा उघडतो, ओळख पटली की नाव देतो आणि योग्य फोल्डरमध्ये ठेवतो. गेल्या रविवारी एक उघडली, ती लग्नपत्रिका निघाली. वर गणपती, खाली केळीचे खांब, मुहूर्ताच्या वेळेची जागा मोकळी, आणि मधोमध 'चि.' पुढे टिंबे व 'चि. सौ. कां.' पुढेही टिंबे. नमुना म्हणून मीच कधीतरी केलेली असणार. तिला काय नाव द्यावे हे बराच वेळ सुचले नाही, तेव्हा मी आकडेच राहू दिले आणि पुढची फाइल उघडली.